'मिरर्स एज' : पहिल्यांदा पळणाऱ्यांसाठी

'मिरर्स एज' खेळलेल्या दोन जणांना विचारलंत तर बहुतेक दोन टोकांची उत्तरं मिळतील. एक म्हणेल, "असा गेम पुन्हा कुणी बनवलाच नाही." दुसरा म्हणेल, "दोन तास खेळलो, सारखा खालीच पडत होतो, शेवटी काढून टाकला." मी हा गेम कित्येक वर्षं खेळतोय. मित्रांना, चुलत भावंडांना समोर बसवून शिकवलाय. आता माझी खात्री झाली आहे की दोघंही खरंच बोलतात. पहिल्यानं गेम संपवून परत सुरुवातीपासून खेळलेला असतो. दुसरा पहिल्याच फेरीत वैतागून उठलेला असतो. या गेमची पहिली फेरी वाट बघून घेण्यासाठी असते, खरं पळणं दुसऱ्या फेरीत सुरू होतं. हे आधी कुणी सांगितलं नाही, तर दुसऱ्या गटात जायला वेळ लागत नाही. म्हणून हा लेख.

गेम आहे तरी काय

स्टॉकहोमचा डाइस हा स्टुडिओ 'बॅटलफील्ड' मालिकेसाठी ओळखला जातो. रणगाडे, विमानं, शेकडो बंदुका. त्याच लोकांनी नोव्हेंबर २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० साठी, आणि जानेवारी २००९ मध्ये पीसीसाठी असा गेम आणला की ज्यात बंदूक हातात आली तर ती टाकून पळणं शहाणपणाचं ठरतं. प्रकाशक इलेक्ट्रॉनिक आर्ट्स.

तुम्ही फेथ कॉनर्स. शहर चकचकीत, पांढरंशुभ्र, पण प्रत्येक फोन आणि प्रत्येक मेल पाळतीखाली. ज्यांना निरोप गुपचूप पोचवायचा असतो ते 'रनर' लोकांना गाठतात, आणि हे रनर गच्च्यांवरून उड्या मारत पाकिटं पोचवतात. फेथची बहीण केट पोलिसात आहे आणि तिच्यावर खुनाचा आळ येतो. इथून पळापळ सुरू होते.

सगळं दिसतं फेथच्या डोळ्यांतून. पळताना तिचे हात मागेपुढे होताना दिसतात, उडी मारली की पाय समोर येतात, कोलांटी मारली की सगळं जग एकदा उलटं होतं. श्वास ऐकू येतो. पत्र्यावर पाय पडला की वेगळा आवाज, काँक्रीटवर पडला की वेगळा. पडद्यावर ना आयुष्याची पट्टी, ना नकाशा. गेमवर टीका करणारेही सहसा मान्य करतात की आपल्याला खरंच शरीर आहे असं वाटायला लावणारे गेम फार थोडे, आणि त्यांत हा एक.

आधी मशीन नीट करून घ्या

पीसीवर खेळणार असाल तर गेम स्टीम आणि गॉग या ऑनलाइन दुकानांत मिळतो, आणि सेलमध्ये बऱ्याचदा अगदी स्वस्त असतो. गेम जुना असल्यामुळे अलीकडच्या साध्या लॅपटॉपवरही, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी, चालून जातो. एक्सबॉक्स ३६० ची आवृत्ती नव्या एक्सबॉक्सवरही चालते.

पण एक सेटिंग पहिल्याच दिवशी बघा. व्हिडिओच्या पर्यायांत 'फिजएक्स' नावाची गोष्ट आहे. काच फुटली की तुकडे उडणं, कापड फडफडणं, धूर, ही सगळी गणितं ती करते. मशीनला ती झेपली नाही की काच फुटल्याक्षणी गेम गोगलगायीसारखा सरकायला लागतो. नवा माणूस समजतो, आपला लॅपटॉपच कमी पडतोय. तसं नसतं. फिजएक्स बंद करा, गेम पुन्हा पळायला लागेल. काचेचे तुकडे थोडे कमी दिसतील, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट चक्कर येण्याची. ही तक्रार खरी आहे आणि तिला कमीपणा मानू नये. डोळे सांगतात आपण पळतोय, कानाच्या आतला तोल सांगतो आपण खुर्चीत बसलोय, आणि पोटाला ते पटत नाही. बनवणाऱ्यांनाही हे माहीत होतं, म्हणून पडद्याच्या मधोमध एक बारीक ठिपका ठेवलाय. तो चालू ठेवा. नर्तक गिरकी घेताना नजर एका जागी रोखून धरतात, तसं नजरेला टेकायला काहीतरी हवं असतं. शिवाय खोलीत दिवा लावून खेळा, स्क्रीनपासून जरा लांब बसा आणि पहिले दोन-तीन दिवस अर्ध्या तासाच्या वर खेळू नका. मळमळायला लागलं तर "एवढा चेकपॉइंट (पडल्यावर जिथून गेम पुन्हा सुरू होतो ती जागा) करतो" असं म्हणत रेटू नका, लगेच उठा. माझ्या एका भावाला पहिल्या दिवशी वीस मिनिटं सहन झाली नाहीत. आठवड्याभरानं तो तासभर आरामात खेळत होता.

कीबोर्ड की कंट्रोलर? खेळणाऱ्यांत यावर वाद आहे. माझं मत, ज्याची सवय असेल ते. माऊसनं मान पटकन वळते, भिंतीवरून उडी मारताना नेमकी दिशा मिळते. कंट्रोलरनं पळणं जास्त अंगात भिनतं, कारण सगळ्या हालचाली खांद्यावरच्या बटणांवर आहेत आणि अंगठे मोकळे राहतात. फक्त मध्येच बदलू नका.

तीन बटणांत सगळा गेम

इतर गेममध्ये उडीचं एक बटण, चढायचं दुसरं, लटकायचं तिसरं. इथे तसं नाही. एक बटण 'वर', एक बटण 'खाली', एक बटण 'मागे वळ'. पीसीवर 'वर' म्हणजे स्पेसबार, 'खाली' म्हणजे डावं शिफ्ट, 'मागे वळ' म्हणजे क्यू. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर एलबी, एलटी, आरबी. प्लेस्टेशनवर एल१, एल२, आर१. बटण तेच, पण कुठे आणि केव्हा दाबलं यावर हालचाल ठरते. म्हणून नवीन माणूस गोंधळतो, आणि म्हणूनच चार दिवसांनी हात आपोआप चालायला लागतो.

सुरुवातीला सेलेस्ट नावाची दुसरी रनर तुम्हाला गच्चीवर सराव करून घेते. तो सराव उरकून टाकू नका. खालच्या हालचाली एकेक करून पाच-पाच वेळा सलग जमेपर्यंत तिथेच थांबा.

पहिली, भिंतीवरून पळणं आणि भिंत चढणं यातला फरक. भिंतीकडे सरळ, नाक समोर करून पळालात आणि 'वर' दाबलं, तर फेथ भिंतीवर उभी चढते. तिरपं पळत जाऊन दाबलं, तर ती भिंतीला समांतर पळते. नव्यांचे निम्मे मृत्यू इथेच होतात. भिंतीवरून पळायचं असतं, पण कोन जरा सरळ पडतो, फेथ दोन पावलं वर चढते आणि दरीत जाते. उपाय सोपा आहे. भिंतीपाशी पोचण्याच्या बरंच आधी दिशा तिरपी करून घ्या. शेवटच्या क्षणी मान वळवून काही होत नाही, पळण्याचीच दिशा तिरपी लागते.

दुसरी, चढून वळून उडी. भिंत चढा, टोकाला पोचताना क्यू दाबा, फेथ पाठ भिंतीला करून वळते, आणि लगेच 'वर' दाबलं की मागच्या बाजूला झेप घेते. खो-खोत खांबाला हात लावून उलट्या अंगानं निघतो ना, ती भावना. हे तीन दाब एका लयीत पडावे लागतात, चढ-वळ-उडी. घाईनं तिन्ही एकदम दाबले तर काहीच होत नाही आणि फार थांबलात तर हात सुटतो. मी शिकवताना तोंडानं "एक, दोन, तीन" म्हणायला लावतो आणि त्याचा फायदा होतो. ही हालचाल गेमभर लागणार आहे. ती आली नाही तर पुढे प्रत्येक चॅप्टरमध्ये कुठल्यातरी बोळात तुम्ही वर बघत उभे राहाल.

तिसरी, कोलांटी. उंचावरून पडताना पाय जमिनीला लागण्याच्या जरा आधी 'खाली' दाबा. फेथ गोल फिरून उठते आणि वेग कायम राहतो. न दाबल्यास ती कण्हत गुडघ्यावर येते आणि सगळा वेग जातो. फार लवकर दाबलं तर काही उपयोग नाही. नेमका क्षण डोळ्यांपेक्षा कानांना लवकर कळतो, पडताना वाऱ्याचा आवाज चढत जातो. एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. ठरावीक उंचीपलीकडे कोलांटीही वाचवत नाही, खाली गादीसारखं मऊ काही असावं लागतं.

चौथी हालचाल सरावात सगळे करतात आणि नंतर विसरून जातात. हवेत असताना 'खाली' दाबलं की फेथ पाय पोटाशी घेते. कुंपणाच्या वरची तार, कठडा, पाइप, जिथे पाय अडकून वेग जाईल तिथे हे वापरायचं. दुसऱ्या फेरीत वेळ वाचवायला यासारखी दुसरी युक्ती नाही.

बाकी घसरणं, तारेवरून लटकत जाणं, अरुंद पाइपवर तोल सांभाळणं हे खेळता खेळता येतं, त्याचा वेगळा सराव नको.

लाल रंगाचं ऐका, पण त्याच्यावर विसंबू नका

शहर पांढरं, आणि वाटेवरच्या कामाच्या वस्तू तुम्ही जवळ आलात की लाल होतात. लाल दरवाजा, लाल पाइप, लाल फळी. याला गेममध्ये 'रनर व्हिजन' म्हणतात. रनरला शहर कसं दिसतं ते तुम्हाला दिसावं, अशी कल्पना. अजिबातच वाट दिसली नाही तर पीसीवर डावं ऑल्ट, एक्सबॉक्सवर बी दाबून धरा. फेथ मान वळवून पुढच्या ठिकाणाकडे बघते.

यावरही खेळणाऱ्यांत दोन मतं आहेत. काहींना वाटतं लाल रंग हात धरून नेतो, शोधण्याची मजा घालवतो. काहींची उलट तक्रार आहे की इमारतींच्या आत लाल काही दिसतच नाही आणि ऑल्ट दाबलं तर फेथ समोरच्या भिंतीकडे बघते, कारण ठिकाण भिंतीपलीकडे असतं. दुसरी तक्रार मला जास्त पटते. ती मान 'कुठे' ते सांगते, 'कसं' ते नाही. आत अडकलात तर थांबा, मान वर करा आणि छताखालचे पाइप, हवेच्या नळ्या, खिडकीच्या चौकटी बघा. वाट बहुतेक वेळा डोक्याच्या वर असते. आपल्याला समोर आणि खाली बघायची सवय असते, म्हणून ती सापडत नाही.

पहिल्या फेरीत लाल रंग हवाच. गेम एकदा संपवल्यावर 'हार्ड' पातळी उघडते, तिथे हा रंग येत नाही. तोवर वाट तुमच्या पायांना पाठ झालेली असते.

पडणं

सर्वांत मोठा आक्षेप हाच. "पडून पडून शिकायला लावतो." खरं आहे. उडी मारल्यावर कळतं की ती त्या गच्चीवर मारायची नव्हती. पुढे काय आहे हे न बघता धावत सुटावं असा सगळा थाट, आणि धावत सुटलं की खड्ड्यात.

माझा सल्ला, पहिल्या फेरीत, पाठीमागे कुणी गोळ्या झाडत नसेल तेव्हा, प्रत्येक नव्या गच्चीवर दोन सेकंद थांबा. कडेपर्यंत चालत जा, खाली बघा, पलीकडे बघा. लाल काय दिसतंय? तिथून पुढे काय आहे? मग मागे चार पावलं जा आणि धाव घ्या. फेथला पूर्ण वेग पकडायला काही पावलं लागतात. उभ्या जागेवरून मारलेली उडी आणि पूर्ण वेगातली उडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. "उडी पोचतच नाही" म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण धाव न घेता उडी मारत असतात.

आणि चेकपॉइंट जवळजवळ आहेत. पडलात की काही क्षणांत परत तिथेच उभे. पडण्याची शिक्षा छोटी आहे, फक्त ती शिक्षा म्हणून घ्यायची नाही. तीच उडी आठ-दहा वेळा चुकली तर उडी कठीण आहे असं समजू नका, बहुतेक वेळा वाटच चुकलेली असते. परत वर बघा.

पोलीस आले की

या भागाबद्दल खेळणारे सर्वाधिक नाराज आहेत, आणि त्यांची नाराजी मला मान्य आहे. मारामारी हा या गेमचा कच्चा दुवा आहे. गुद्दे-लाथा घालायला गेलात तर चार जण मिळून तुम्हाला क्षणात लोळवतात.

म्हणून पहिला नियम, पळता येत असेल तर पळा. बहुतेक ठिकाणी पोलीस अडथळा म्हणून उभे आहेत, त्यांना हरवायची अट नाही. नवीन माणूस खोलीत शिरतो, चार बंदुकवाले दिसतात आणि "आता यांना संपवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही" असं इतर गेमच्या सवयीनं धरून चालतो. दार, पाइप किंवा जिना शोधा आणि सरळ त्याकडे धावा. अंगावर गोळ्या बसल्या की रंग फिके पडतात, आडोशाला थोडा वेळ काढला की परत येतात. एवढं पुरतं.

जिथे खरंच लढावं लागतं तिथे एकाला बाकीच्यांपासून वेगळं काढा. कोपऱ्याआड जा, एक जण पुढे येईल. धावत येऊन घसरत लाथ, किंवा भिंतीवरून पळत लाथ, ही उभ्या गुद्द्यांपेक्षा कितीतरी जोरात बसते. हत्यार हिसकावण्याचं वेगळं बटण आहे, पीसीवर माऊसचं उजवं, एक्सबॉक्सवर वाय. शत्रू बंदुकीच्या दस्त्यानं मारायला येतो तेव्हा त्याचं हत्यार क्षणभर लाल होतं. तेव्हाच दाबायचं. क्षण फार छोटा वाटला तर पीसीवर आर दाबून वेळ संथ करा. ही संथ करण्याची ताकद पळून पळून भरते, म्हणून खोलीत शिरण्याआधी ती भरलेली असू द्या.

हाती बंदूक आली तर तिच्यात असतील तेवढ्याच गोळ्या, नव्या भरता येत नाहीत. मोठी बंदूक घेऊन फेथ जड होते, उड्या मारता येत नाहीत. काम झालं की टाकून द्या. एकाही शत्रूवर गोळी न झाडता गेम संपवला तर 'टेस्ट ऑफ फेथ' हा खास किताब मिळतो. पहिल्या फेरीत त्याच्या मागे लागू नका. पण असा किताब ठेवलाय यावरून बनवणाऱ्यांना कुठला खेळ अपेक्षित होता ते कळतं.

जिथे लोक गेम सोडतात

प्रस्तावना धरून दहा भाग आहेत, आणि पहिल्या फेरीला साधारण सहा-सात तास लागतात. "पैशाच्या मानानं छोटा" हा आक्षेप त्या काळच्या पूर्ण किमतीला धरून होता. आजच्या सेलच्या किमतीत त्याचा जोर उरलेला नाही.

दुसऱ्या चॅप्टरमध्ये, 'जॅकनाइफ'मध्ये, पावसाच्या पाण्याच्या भुयारी गटारात एक प्रचंड दालन येतं. उंच खांब, वरून नेम धरणारे बंदूकवाले, त्यांच्या बंदुकांचे लाल किरण. माझ्या ओळखीतल्या निदान तीन जणांनी गेम इथे सोडला. इथे पळत राहणं महत्त्वाचं आहे, पण एका आडोशापासून पुढच्या आडोशापर्यंतच. खांबामागे उभं राहून पुढचा टप्पा ठरवा, पळा, परत खांबामागे. सगळं एका दमात करायला जाऊ नका. हे दालन पार झालं की त्याच चॅप्टरच्या शेवटी जॅकनाइफ नावाच्या जुन्या रनरचा पाठलाग आहे, आणि तो पहिल्या फेरीतला सर्वांत सुंदर भाग आहे असं मला वाटतं. तो पुढे पळतो, तुम्ही मागे, आणि कुठे उडी मारायची ते त्याच्याकडे बघून कळतं. तिथवर पोचाच.

चौथ्यात रोपबर्न नावाच्या धटिंगणाशी गाठ पडते. त्याच्याशी मारामारी करू नका, तो वार करायला येईल त्या क्षणी हिसकावण्याचं बटण दाबा, झालं. सहाव्यापासून तुमच्यासारखेच पळणारे पोलीस मागे लागतात. त्यांच्याशी थांबून लढण्यापेक्षा अंतर ठेवणं बरं. शेवटचा 'द शार्ड' सर्वांत कठीण, कारण तिथे बंदुकवाल्यांची गर्दी आहे आणि पळायला जागा कमी. इथे लोकांचा राग मला पूर्ण समजतो.

लिफ्टमध्ये दार उघडायला वेळ लागला तर बटणं बडवू नका. मागे पुढचा भाग लोड होत असतो. भिंतीवरच्या बातम्या वाचा.

गोष्टीबद्दल थोडक्यात. लेखन रियाना प्रॅचेट यांचं आहे, आणि चॅप्टरांच्या मधली दृश्यं सपाट कार्टूनच्या शैलीत आहेत. खेळणाऱ्यांना ती खटकली, मलाही खटकतात. इतका वेळ फेथच्या डोळ्यांतून बघितल्यावर अचानक बाहेरून बघावं लागतं. संगीताला मात्र कुणी नावं ठेवलेली मी ऐकलेली नाहीत. सोलार फील्ड्स या नावानं काम करणाऱ्या माग्नुस बिर्गेर्सन यांचं ते आहे, आणि लिसा मिस्कोव्स्कीचं शीर्षकगीत गेम संपल्यावर कित्येक दिवस डोक्यात राहतं. हेडफोन लावूनच खेळा.

दुसरी फेरी

गेम संपला की काढून टाकू नका. लगेच तोच पहिला चॅप्टर, 'फ्लाइट', पुन्हा सुरू करा. काल ज्या गच्चीवर चार वेळा थांबलात तिथून आज न थांबता जाल. दरवाजा येण्याआधी हात तयार असेल. कोलांटी, वळण, उडी, काहीही न मोजता पडत जाईल. हा अनुभव आल्यावरच तुम्ही या गेमबद्दल मत बनवा असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. पहिल्या फेरीवर बनवलेलं मत नाटकाच्या तालमीवर बनवलेल्या मतासारखं असतं.

दहा भागांत प्रत्येकी तीन अशा तीस पिशव्या लपवलेल्या आहेत. आवड असेल तर याच फेरीत शोधा, कारण त्या शोधताना आडवाटा कळतात आणि त्या आडवाटा पुढच्या प्रकारात कामी येतात.

पुढचा प्रकार म्हणजे 'टाइम ट्रायल'. गोष्ट नाही, पोलीस नाहीत, फक्त ठरावीक ठिपक्यांतून जाणारी वाट आणि घड्याळ. तीन तारे मिळवायचे. 'मिरर्स एज'चे खरे चाहते बहुतेक इथेच राहतात. गेममधल्या सगळ्या तक्रारी, मारामारी, गोष्ट, अंधाऱ्या खोल्या, इथे गळून पडतात आणि उरतं ते नुसतं पळणं. माझ्या मते गेमचा हाच गाभा आहे आणि डाइसनं तो मेन्यूच्या एका कोपऱ्यात ठेवला ही मोठी चूक होती.

सुरुवात 'प्लेग्राउंड वन'पासून करा. पहिल्या पाच फेऱ्यांत घड्याळाकडे बघूच नका, फक्त न पडता शेवटपर्यंत पोचा. मग तुमच्याच सर्वोत्तम फेरीची लाल सावली सोबत पळायला लागेल. ती पुढे जाते ती जागा बघा, आणि फक्त तेवढी एक जागा सुधारा. कोलांटी चुकतेय का? कठड्यावर पाय अडकतोय का? भिंत चढून जायच्या जागी भिंतीवरून पळून जाता येईल का? एका फेरीत एकच सुधारणा. सगळं एकदम सुधारायला गेलात तर आधी जमत होतं तेही बिघडतं.

स्पीडरन करणारे, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवण्याची शर्यत लावणारे, लोक आजही या गेमवर सेकंदाच्या अंशांसाठी झगडतात. त्यांचे व्हिडिओ बघताना हवेत लाथ मारून पुन्हा उडी मारणं, आडवं पाऊल टाकून एकदम वेग पकडणं असले प्रकार दिसतील. ते बघायला सुंदर आहेत, पण तीन तारे मिळवायला त्यांची गरज नाही. कोलांटी आणि पाय पोटाशी घेणं पक्कं असेल तर बऱ्याच वाटांवर तीन तारे मिळतात.

'कॅटॅलिस्ट' आधी की नंतर?

जून २०१६ मध्ये 'मिरर्स एज कॅटॅलिस्ट' हा फेथचाच पुढचा गेम आला. त्यात फेथ बंदूक वापरतच नाही, शहर एकसंध आणि मोकळं आहे, मारामारी बरी आहे. दिसायला तो आजही देखणा आहे. पण पाय पोटाशी घेणं, झटकन मागे वळणं अशा मूलभूत हालचाली त्यात गुण कमावून उघडाव्या लागतात, आणि जुन्या खेळाडूंना ते रुचलं नाही. मलाही नाही. जो आधीच रनर आहे त्याला वळायला शिकावं लागतं हे पटत नाही. त्याच्या ऑनलाइन सोयीही आता बंद झाल्या आहेत.

तरी आधी पहिला गेम, मग 'कॅटॅलिस्ट', हाच क्रम ठेवा. उलट क्रमानं गेलात तर पहिल्या गेमच्या बंद खोल्या आणि अरुंद वाटा खुपतील. एकच अपवाद. चक्कर येण्याचा त्रास फार असेल तर 'कॅटॅलिस्ट'मध्ये मोकळ्या गच्च्यांवर हळूहळू डोळ्यांना सवय लावून घ्या आणि मग पहिल्याकडे या. माझ्या एका मैत्रिणीनं तसंच केलं. सध्या ती 'प्लेग्राउंड वन'वर माझ्यापेक्षा दीड सेकंद पुढे आहे, आणि मी रोज रात्री जेवण झाल्यावर तेवढी एक वाट पळतो.